माळ्यावरचा सोलर कुकर

सोलापूरचं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरून एक पेटी खाली आली. बाहेरून पत्र्याची, आतून काळी रंगवलेली, झाकणाला आतल्या बाजूने आरसा. पेटीत चार काळे डबे तसेच. 1980 च्या दशकात सरकारी अनुदानावर मिळणारा हा सोलर कुकर बाबांनी मोठ्या हौसेने आणला होता. रॉकेलची रांग, गॅस सिलिंडरची वाट बघणं आणि सोलापूरचं ऊन, या तिन्ही गोष्टी समोर मांडल्या की हिशेब सरळ होता. पहिल्या आठवड्यात त्यात भात झाला, बटाटे उकडले, शेंगदाणे भाजले. शेजारीपाजारी येऊन बघून गेले आणि सगळ्यांनी एकमुखाने "छान आहे" म्हटलं. दोन-तीन महिन्यांत पेटी माळ्यावर गेली ती गेलीच.

त्याच स्वयंपाकघरात एक प्रेशर कुकर होता. त्याची मूठ दोनदा बदलली, रबरी रिंग किती वेळा बदलली त्याची गणतीच नाही, बूड थोडं फुगलं होतं, तरी तो शेवटपर्यंत रोज सकाळी शेगडीवर चढत राहिला. दोन्ही कुकरच, दोन्ही इंधन वाचवणारे, दोन्ही एकाच पगारातून आलेले. मग घराने एकाला आपलं म्हटलं आणि दुसऱ्याची पाहुण्यासारखी चार दिवसांत बोळवण केली, ती का?

माणूस नवी वस्तू का घेतो, का टाळतो, "घेऊ या" म्हणूनही का घेत नाही आणि घेऊनही का वापरत नाही, याचा पद्धतशीर अभ्यास गेली ऐंशी वर्षं चालू आहे. त्याची सुरुवात मात्र एखाद्या बाजारपेठेत झाली नाही; ती झाली मक्याच्या शेतात.

आयोवाचा मका

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1920 च्या दशकाच्या शेवटी संकरित मक्याचं बियाणं आलं. उत्पन्न सुमारे 20 टक्के जास्त, दुष्काळातही पीक तग धरून राहायचं. अडचण एकच होती. घरचं बियाणं राखून पुढच्या वर्षी पेरायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत मोडायची आणि दर हंगामाला पैसे मोजून नवं बियाणं विकत आणायचं.

ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या दोन वस्त्यांमधल्या 259 शेतकऱ्यांना गाठलं आणि कोणी हे बियाणं केव्हा पेरलं याची नोंद केली. त्यांचा अभ्यास 1943 मध्ये प्रसिद्ध झाला. 1928 ते 1941 या काळात दोघे सोडून सगळ्यांनी नवं बियाणं स्वीकारलं होतं, पण सरासरी शेतकऱ्याला पहिल्यांदा नाव ऐकल्यापासून प्रत्यक्ष पेरण्याचा निर्णय घेईपर्यंत सुमारे नऊ वर्षं लागली होती. सगळ्यांत जास्त जणांना बियाण्याची पहिली बातमी कंपनीच्या विक्रेत्याकडून कळली. विश्वास बसला तो शेजाऱ्याच्या बांधावरून. आधी रानाचा एक तुकडा, मग थोडं जास्त, मग सगळं रान, अशी शेतकऱ्यांची चाल होती. जास्त उत्पन्नाचा आकडा सगळ्यांना ठाऊक असूनही तेवढ्यावर कोणी पेरणी केली नाही.

याच राज्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स. त्याच्या वडिलांना नवी यंत्रं आवडायची, पण संकरित बियाण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. 1936 च्या दुष्काळात त्यांचं पीक करपलं आणि शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला. मुलाने पुढे नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याच विषयाला वाहून घेतलं आणि 1962 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पहिले धाडसी अडीच टक्के, त्यांच्यामागून डोळस साडेतेरा टक्के, मग 34-34 टक्क्यांचे दोन मोठे जथे आणि शेवटी रेंगाळणारे 16 टक्के, ही त्याची विभागणी आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात शिकवली जाते.

पण त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे. नवी वस्तू स्वीकारताना माणूस नकळत पाच प्रश्न विचारतो, असं रॉजर्स म्हणतो. आहे त्याहून हे बरं आहे का? माझ्या रीतीत बसतं का? समजायला-वापरायला किचकट तर नाही ना? थोडं वापरून बघता येईल का? आणि दुसऱ्याला झालेला फायदा मला डोळ्यांनी दिसतो का?

सकाळी सातला ऊन कुठून आणायचं?

हे पाच प्रश्न आमच्या दोन कुकरांना विचारून बघू.

प्रेशर कुकरची कल्पना जुनी. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये लंडनमध्ये वाफ कोंडून शिजवणारं भांडं दाखवलं होतं. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन्ही कंपन्यांचे कुकर 1959 च्या सुमारास ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने सुरू झाले. तत्त्व सोपं आहे: भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो, त्यामुळे पाणी 100 अंशांऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. आपल्याकडे हे भांडं आलं तेव्हा आत डबे ठेवायची सोय झाली. खाली पाणी, एका डब्यात डाळ, एका डब्यात तांदूळ, हवं तर वर बटाटे. वरणभात हा आपल्या रोजच्या जेवणाचा कणा, तो एका आचेवर एकदम तयार. कुकर लावून बाई कणीक मळू शकते, भाजी चिरू शकते, मुलांची वेणीफणी करू शकते. तीन शिट्ट्या कानांनी मोजायच्या, डोळ्यांनी पहारा करायची गरज नाही. आणि त्या शिट्टीने शेजारणीलाही कळतं की अमक्यांकडे अर्ध्या तासाच्या आत स्वयंपाक होतो. रॉजर्सचे पाचही प्रश्न इथे पहिल्याच फेरीत सुटतात.

सोलर कुकरची गोष्ट वेगळी. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सौर चूल तयार केली होती आणि तिचा गाजावाजाही बराच झाला होता. घराघरात मात्र ती पोचली नाही. 1980 च्या दशकात पेटीसारखा सोलर कुकर अनुदानासह आला. यंत्रात खोट नव्हती. ऊन चांगलं असेल तर दोन-अडीच तासांत डाळ-भात होतो, करपत नाही, चवही उत्तम येते. आईने मात्र पहिल्याच दिवशी नेमका मुद्दा मांडला होता. "अहो, तुमचा डबा सकाळी साडेसातला लागतो. ऊन काय साडेसातला गच्चीवर हजर होणार आहे?"

बाबांकडे याचं उत्तर नव्हतं. सोलर कुकरला अकरा ते दोनचं ऊन लागतं. डबे सकाळी जातात, रात्रीचं जेवण सूर्य मावळल्यावर होतं. त्यात फोडणी करता येत नाही, भाकरी-पोळी भाजता येत नाही, म्हणजे शेगडी पेटवायचीच. पेटी गच्चीवर ठेवायची, दर थोड्या वेळाने आरसा सूर्याकडे वळवायचा, माकडं आणि पावसाची सर यांच्यावर लक्ष ठेवायचं. चैत्र-वैशाखातल्या सोलापूरच्या दुपारी जे ऊन भात शिजवतं ते माणसालाही शिजवतं. इंधन फुकट होतं, पण त्याची किंमत आई पायांनी जिने चढून आणि डोक्यावर ऊन घेऊन मोजत होती. बाबांच्या हिशेबात हा खर्च आलाच नव्हता, कारण तो त्यांच्या खिशातून जाणार नव्हता.

वस्तू आपल्या रीतीत बसणं म्हणजे काय, याची आणखी दोन उदाहरणं आपल्या स्वयंपाकघरातच सापडतात. मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरातला परदेशी मिक्सर बंद पडला. परदेशी मिक्सर तिकडच्या कामांसाठी घडवलेले. आपल्याकडे भिजवलेली डाळ, ओलं-सुकं खोबरं, हळकुंडं यांच्याशी गाठ असते. माथूर यांनी 1963 मध्ये सहकाऱ्यांबरोबर कंपनी काढली आणि भारतीय वाटणघाटण झेपेल असा 'सुमीत' मिक्सर बनवला. पाट्या-वरवंट्यावरचं अर्ध्या तासाचं काम तो पाच मिनिटांत करायचा आणि वाटणही तसंच ओळखीचं निघायचं. पुढची कित्येक वर्षं 'सुमीत' हा मिक्सरला पर्यायी शब्द होता.

याच्या नेमकं उलट घडलं ते कॉर्नफ्लेक्सचं. केलॉग्ज कंपनी 1994 मध्ये भारतात आली, मुंबईजवळ तळोज्याला कारखाना उभारला. थंड दुधात कुरकुरीत लागणारे ते पोहे आपल्या घरांत गरम दुधात पडले आणि लगेच लगदा झाला. सकाळी गरम, तिखटमिठाचं खायची आपली सवय; साखर घातलेलं थंड दूध हा न्याहारीचा पदार्थच वाटेना. लोकांनी कुतूहलाने पहिला डबा घेतला. दुसरा मात्र फार कमी घरांत आला. कंपनीला पुढे आपला माल आणि आपली भाषा दोन्ही बदलावी लागली.

मन, जन आणि आवाका

रॉजर्सने वस्तूकडे पाहिलं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ आयसेक आयझेन यांनी माणसाकडे पाहिलं. मार्टिन फिशबाइन यांच्यासोबत 1975 पासून मांडत आणलेल्या विचाराला त्यांनी 1991 मध्ये पूर्ण रूप दिलं. ग्राहकांच्या इराद्यावरच्या अभ्यासांत आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सिद्धांतांपैकी हा एक आहे. माणसाचा इरादा तीन गोष्टींनी ठरतो, असं आयझेन सांगतात. मराठीत त्यांना मन, जन आणि आवाका म्हणता येईल.

मन म्हणजे त्या वस्तूबद्दलचं माझं स्वतःचं मत: ती चांगली की वाईट, फायद्याची की तोट्याची. जन म्हणजे ज्यांच्या मताची मला पर्वा आहे ती माणसं काय म्हणतील याचा अंदाज. आवाका म्हणजे हे मला जमेल का: पैसे आहेत का, वेळ आहे का, परवानगी आहे का, वापरता येईल का.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" असं आपण म्हणतो खरं, पण खरेदीच्या वेळी जनाचं पारडं किती जड असतं ते हळदीकुंकवाला किंवा भिशीला जाऊन बघावं. फ्रीज, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर यांची खरी जाहिरात तिथेच होते. "आमच्याकडे दोन वर्षं झाली, काही त्रास नाही" हे शेजारणीचं एक वाक्य दूरदर्शनवरच्या शंभर जाहिरातींना भारी पडतं. आयोवाच्या बांधावर जे घडलं तेच.

आवाक्याचा मुद्दा त्याहून दुर्लक्षित. 1972 मध्ये आलेली बजाज चेतक कित्येकांना मनापासून हवी होती, जनांचाही होकार होता. पण नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. इरादा पक्का असून खरेदी नाही, कारण दोरी ग्राहकाच्या हातात नव्हती. आज विजेच्या स्कूटरचं पाहा. किंमत झेपते, पेट्रोलचा खर्च वाचतो हे पटतं, ऑफिसात दोघांनी घेतलेली दिसते. गाडी अडते ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये: चार्जिंगचा प्लग कोणाच्या मीटरवर लावायचा, सभेत मंजुरी कशी मिळवायची, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने वायर कुठून खाली सोडायची? गाडीच्या कंपनीने किंमत आणखी थोडी उतरवून यातला एकही प्रश्न सुटत नाही.

एका घरात मन एकाचं आणि आवाका दुसऱ्याचा, असंही असतं. ग्रांट मिलर आणि मुश्फिक मोबारक यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत सुधारित चुलींचा अभ्यास केला. चूल फुकट देऊ केली तेव्हा कमी धुराची, तब्येतीला बरी चूल निवडण्याकडे बायकांचा कल पुरुषांपेक्षा जास्त दिसला. थोडीशी किंमत लावताच हा फरक नाहीसा झाला. धूर बायकांच्या डोळ्यांत जात होता, पैशांची पिशवी नवऱ्यांकडे होती. बाजार पाहणी करणारा "तुम्हाला ही चूल आवडली का?" एवढंच विचारून परत गेला, तर त्याच्या कागदावर भरभरून होकार येतील आणि दुकानात गिऱ्हाईक येणार नाही.

स्वस्ताईचा डाग

किंमत उतरली की खरेदी वाढते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. तो बहुतेक वेळा खरा असतो. टाटा नॅनोच्या बाबतीत तो अडखळला.

रतन टाटा यांनी जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात एक लाखाची गाडी दाखवली तेव्हा जगभर बातमी झाली. स्कूटरवर पुढे मूल, मागे बायको आणि बायकोच्या कडेवर तान्हं, अशा पावसात भिजणाऱ्या कुटुंबासाठी ही गाडी होती. हेतू चांगला, अभियांत्रिकी कौतुकाची. गुजरातमधल्या सानंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकत होता. विक्री मात्र कोणत्याही वर्षी त्याच्या एक तृतीयांशालाही पोचली नाही. 2018 नंतर उत्पादन थांबलं. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून सानंदला करावं लागलेलं स्थलांतर, काही गाड्यांना लागलेल्या आगी, वाढत गेलेली किंमत, कारणं पुष्कळ होती. पण रतन टाटा यांनीच पुढे कबूल केलं की 'सर्वांत स्वस्त गाडी' म्हणून ती लोकांपुढे गेली ही चूक झाली.

आपल्याकडे पहिली गाडी दारात येते तेव्हा तिला हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात, देवळात नेतात. ती गाडी म्हणजे "आमचं बरं चाललंय" हे सगळ्या आळीला सांगणं असतं. तिच्यावर देशातली सर्वांत स्वस्त असा शिक्का बसला की सांगायचं तेच उलटं सांगितलं जातं. स्कूटरवाल्याचं मन तयार होतं, पैशांचा आवाकाही होता. 'जन' आडवा आला. तेवढ्याच पैशांत जुनी मारुती 800 घेणं त्याला जास्त मानाचं वाटलं.

हातचं सोडवत नाही

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचं दुःख माणसाला कितीतरी मोठं वाटतं; पुढच्या मोजमापांत ते साधारण दुप्पट निघालं. कानमन यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा मोठा होता.

नवी वस्तू घेणं म्हणजे काहीतरी मिळवणं, असं विकणाऱ्याला वाटतं. घेणाऱ्याच्या दृष्टीने ते काहीतरी सोडणंही असतं: हात बसलेलं भांडं, ओळखीची चव, अंदाज असलेला खर्च. जॉन गोरव्हिल या अभ्यासकाने 2006 मध्ये याचा ढोबळ हिशेब मांडला. ग्राहक हातातल्या वस्तूची किंमत तिप्पट धरतो, आणि नव्या वस्तूच्या प्रेमात पडलेला उत्पादक आपल्या मालाचे गुण तिप्पट धरतो. दोघांच्या अंदाजात नऊ पटींची दरी. नव्या वस्तूचा फायदा थोडाथोडका असून भागत नाही, तो ही दरी ओलांडण्याएवढा हवा.

ही भीती घालवायचे मार्ग बाजाराला अनुभवाने सापडले. पहिला, नुकसान लहान करणं. तमिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये शाम्पूचा व्यवसाय सुरू केला आणि चिक शाम्पू छोट्या पुडीत विकला. बाटलीवर पैसे घालून केस बिघडले तर महिना वाया. पुडी आवडली नाही तर एका न्हाण्यापुरतीच हळहळ. आयोवाच्या शेतकऱ्याने रानाच्या तुकड्यात पेरून पाहिलं, इथे बाईने एका अंघोळीपुरतं करून पाहिलं. दुसरा मार्ग, भीतीचं नाव घेऊन तिच्यावर तोड देणं. सुरुवातीला लोकांना कुकर फुटायची भीती वाटायची. जादा वाफ सोडणारा सुरक्षेचा व्हॉल्व्ह आणि शेजारच्या घरात रोज होणाऱ्या शिट्ट्या यांनी ती हळूहळू गेली. तिसरा, वापर इतका सोपा करणं की शिकावंच लागू नये. फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये कार्यालयांतल्या संगणकांचा अभ्यास करून दोनच निकष पुढे ठेवले: हे माझ्या उपयोगाचं आहे असं वाटतं का, आणि हे वापरायला सोपं आहे असं वाटतं का. दोन्ही वाक्यांतला 'वाटतं' हा शब्द महत्त्वाचा. वस्तू खरोखर सोपी असून उपयोग नाही, ती बघताक्षणी सोपी वाटायला हवी.

मोबाइलवरून पैसे देणं या कसोटीवर उत्तम उतरलं. राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय एप्रिल 2016 मध्ये सुरू केलं आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरच्या नोटबंदीने सगळ्यांना धक्का देऊन त्या वाटेवर ढकललं. पण धक्का ओसरल्यावरही लोक तिथेच राहिले, कारण रीत ओळखीची निघाली. भाजीवालीच्या गाडीला लटकलेला चौकोन, फोन समोर धरायचा, आकडा टाकायचा. पैसे आले की नाही हा तिचा एकच घोर होता. तो पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणाऱ्या छोट्या डब्याने मिटवला. तिला वाचता येत नसलं तरी ऐकू येतं. ऑगस्ट 2023 मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार 1,000 कोटींच्या पुढे गेले.

'घेणार' आणि 'घेतलं'

एवढं सगळं जुळून आलं आणि माणूस म्हणाला, "घ्यायचंच", तरी काम संपत नाही. पास्कल शीरन यांनी 2002 मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसं पुढे कशी वागतात यातला सुमारे 28 टक्केच फरक त्यांच्या इराद्यावरून सांगता येत होता. बाकीचा मोठा भाग सवय, विसर, पैशांची ओढाताण, दुकानात ती वस्तू नसणं अशा गोष्टींनी व्यापलेला. गंमत म्हणजे नुसता प्रश्न विचारल्यानेही माणूस हलतो: व्हिकी मॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवलं की "तुम्ही येत्या काही महिन्यांत गाडी घेणार आहात का?" असं ज्यांना विचारलं होतं, त्यांच्यात गाडी घेणाऱ्यांचं प्रमाण न विचारलेल्यांपेक्षा जास्त निघालं. आणि पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत "करीन केव्हातरी" म्हणणाऱ्यांपेक्षा केव्हा, कुठे, कसं हे ठरवून ठेवणाऱ्यांकडून काम होण्याची शक्यता बरीच जास्त दिसली. आपल्याकडे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीतला पाडवा हे मुहूर्त नेमकं हेच करतात. सोनं केव्हातरी घ्यायचं असतं, ते त्या दिवशी घेतलं जातं.

घेतल्यावरही एक पायरी उरते, ती म्हणजे वापर. धुराशी झगडणाऱ्या चुलींनी आपल्याला हे शिकवलं. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या चळवळीतून 'मगन चूल' आली. 1983 मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि दोन दशकांत तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या. कागदावर हे फार मोठं यश. पुढे एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी ओडिशातल्या खेड्यांत अशाच चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला; पुढे फरक विरत गेला. धुराडं साफ करणं, भेगा लिंपणं कोणी नियमाने केलं नाही, चुलीचा वापर सुटत गेला. प्रयोगशाळेत उत्तम चालणारी चूल घराच्या धबडग्यात टिकली नाही. 2016 पासूनच्या गॅसजोडणीच्या उज्ज्वला योजनेतही खरा प्रश्न जोडणीनंतर सुरू होतो. पहिला सिलिंडर घरात येणं म्हणजे खरेदी. दुसरा, तिसरा, दहावा सिलिंडर आपण होऊन आणणं म्हणजे स्वीकार.

उन्हाची दुसरी बाजू

माळ्यावरच्या पेटीकडे परत येऊ. तिच्यातलं विज्ञान चुकलं होतं का? शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात 2009 पासून सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून स्वयंपाक केला जातो. त्यासाठी 73 मोठ्या परावर्तक तबकड्या बसवल्या आहेत. तिथे दिवसभर हजारोंच्या पंगती उठतात, म्हणजे भर दुपारच्या उन्हाला भर दुपारचं काम आहे. स्वयंपाक करणारा वेगळा, तबकड्या सांभाळणारा वेगळा. सूर्य ढगाआड गेला तर नेहमीचं इंधन हाताशी आहे, आणि वाचलेल्या इंधनाचा फायदा जे संस्थान खर्च करतं त्यालाच मिळतो. ऊन तेच, तत्त्व तेच. ज्या दिनक्रमात ते नेऊन ठेवलं तो वेगळा.

आमच्या घरी दिनक्रम आईचा होता आणि खरेदी बाबांची. सोलर कुकर घेण्याआधी आईला एवढंच विचारायला हवं होतं: तू सकाळी किती वाजता काय करतेस? त्या उत्तरात बाजार पाहणीचे शंभर प्रश्न सामावले होते. नवी वस्तू बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि सरकारी योजना आखणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न जो प्रत्यक्ष ती वस्तू हाताळणार आहे त्याला विचारावा, नुसत्या पैसे देणाऱ्याला नव्हे. "लोक अडाणी आहेत, त्यांना कळत नाही" हे त्यानंतर म्हणावं. बहुधा म्हणायची वेळ येणार नाही.

आणि वाचकहो, पुढची मोठी खरेदी करायच्या आधी एकदा घरातल्या माळ्यावर चढून बघा. व्यायामाची सायकल, रस काढायचं यंत्र, सँडविचचा टोस्टर, जे काही तिथे पडलं असेल त्याची यादी करा. प्रत्येक वस्तू आणताना आपण "छान आहे" म्हटलं होतं. आमच्या सोलर कुकरचा आरसा अजून शाबूत आहे. तो काढून आईने बेसिनवर लावला, आणि तो रोज वापरात आहे.